उभ्या ट्रक-ट्रॅक्टरची बॅटरी आणि सूर्याचे ऊन

भंडारा जिल्हा हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. वैनगंगा, चुलबंद, बावनथडी या नद्यांच्या खोऱ्यांत आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या लाभक्षेत्रांत येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवीत आला. परंतु ज्या बांधीत पूर्वी बैलजोडीने चिखलणी होत असे, तेथे आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर उतरतो. धान चुरण्यास मळणीयंत्र येते. खरेदी केंद्रावरील धान गिरणीत आणि गिरणीतील तांदूळ गोदामात पोहोचविण्याचे काम ट्रक करतात. बैल आणि यंत्र यांच्यात एक भेद मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. बैल गोठ्यात बांधून ठेवला तरी त्यास चारा घालावाच लागतो, हे कोणास सांगावे लागत नाही. यंत्र उभे असले म्हणजे त्यास काही लागत नाही, अशी समजूत आहे आणि ती सर्वस्वी खरी नाही. उभ्या वाहनाची बॅटरी दिवसरात्र थोडीथोडी रिती होत असते.

जिल्ह्यातील कामाचा क्रम पाहिला असता हा प्रश्न किती निकडीचा आहे ते कळून येते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आटोपली की पुष्कळ ट्रॅक्टर छपरीत जातात, ते हलके धान कापणीस येईपर्यंत, म्हणजे दोन-अडीच महिने, क्वचितच बाहेर निघतात. पावसाळ्यात नदीपात्रातील रेतीचा उपसा बंद राहतो आणि वीटभट्ट्याही थंडावतात, त्यामुळे टिप्पर व ट्रक मालकांच्या अंगणात किंवा राष्ट्रीय महामार्गालगतच्या मोकळ्या जागेत ओळीने उभे दिसतात. धानाची उचल संपली की गिरण्यांचे ट्रकही विसावतात. मळणीयंत्र वा हार्वेस्टर यांचा तर वर्षातील बहुतेक काळ उभे राहण्यातच जातो.

आणि मग दिवाळीच्या आसपास आभाळ भरून येते. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या असतात, त्या पाऊस येण्याआधी उचलून त्यांचे पुंजणे घालावयाचे असतात. सारा गाव एकाच वेळी ट्रॅक्टर मागू लागतो. अशा दिवशी किल्ली फिरविली असता ‘टक्’ असा आवाज होऊन यंत्र स्तब्ध राहिले, तर त्या एका सकाळी होणारे नुकसान नव्या बॅटरीच्या किमतीहूनही अधिक असू शकते. कडपा दोन दिवस भिजल्या की दाण्यास कोंब फुटतात, दाणा काळवंडतो, आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या व रंगाच्या कारणाने तो माल मागे येतो. धक्का मारून ट्रॅक्टर सुरू करता येतो हे खरे. पण चिखलात रुतलेल्या चाकांना धक्का देण्यास दहा माणसे लागतात, आणि भरलेला ट्रक तर धक्क्याने सुरू होतच नाही.

बॅटरी रिती का होते

वाहनातील शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी हा शोध फार जुना आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ साली ती प्रथम तयार केली, आणि आजच्या ट्रकमधील बॅटरीही मूलतः त्याच तत्त्वावर चालते. तिच्या प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या व पातळ गंधकाम्ल असते. असे सहा कप्पे मिळून १२ व्होल्टची बॅटरी होते. वीज खर्च होते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होत जाते. पुन्हा वीज भरली की हे सल्फेट विरघळून पट्ट्या पूर्ववत होतात.

येथपर्यंत काही बिघडत नाही. बिघाड होतो तो रित्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली म्हणजे. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते, ते सहज विरघळते. परंतु आठवड्यांमागून आठवडे गेले की त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात, आणि मग कितीही चार्ज केले तरी त्यांतील पुष्कळसा भाग परत येत नाही. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. पुष्कळ बॅटऱ्या ‘दोन वर्षांत गेल्या’ म्हणून दूषण दिले जाते, त्यांतील अनेक प्रत्यक्षात कामाने झिजलेल्या नसतात, उभ्या राहून मेलेल्या असतात.

रिती होण्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण बॅटरीच्या आतच आहे. काहीही जोडलेले नसले तरी रासायनिक क्रियेमुळे तिची वीज आपोआप घटते. जुन्या पद्धतीच्या बॅटरीत ही घट महिन्याला साधारण ५ टक्के किंवा त्याहून अधिक असते, आणि तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की तिचा वेग जवळपास दुप्पट होतो. विदर्भातील मे महिना पारा ४५ अंशांपर्यंत नेतो, त्या उन्हात तापलेल्या बॉनेटखालील बॅटरीची अवस्था काय होत असेल याची कल्पना यावरून करता येईल.

दुसरे कारण नव्या काळाचे आहे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये किल्ली बंद केली की सर्व बंद होत असे. आता ट्रकमध्ये इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, घड्याळ, वाहनाचा ठावठिकाणा कळविणारे जी.पी.एस. यंत्र, चोरीची सूचना देणारा भोंगा अशी उपकरणे बसविलेली असतात, आणि ती किल्ली बंद असतानाही थोडी वीज घेत राहतात. ही वीज किती क्षुल्लक वाटते ते पाहावे : ५० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग. परंतु दिवसाचे २४ तास धरले तर रोज १.२ अँपिअर-तास आणि ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास होतात. ट्रॅक्टरला साधारणतः ८० अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी असते. त्यातील जवळजवळ निम्मी वीज एका महिन्यात, इंजिन एकदाही न फिरता निघून गेली. त्यात आपोआप होणारी घट मिळविली म्हणजे रोवणी ते कापणी या काळात बॅटरी पूर्ण रिती का होते, याचे गणित जुळते.

आधी साधे उपाय

सौर पॅनेलाचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे जरूर आहे. प्रत्येक ट्रॅक्टरला पॅनेलाची गरज नाही. ज्या जुन्या ट्रॅक्टरवर कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण नाही आणि जो महिनाभरच उभा राहावयाचा आहे, त्याच्या बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवली किंवा तेथे कट-ऑफ स्विच बसविला, तर पुष्कळ काम भागते. ज्याच्या छपरीत भरवशाची वीज आहे त्याने पूर्ण भरल्यावर आपोआप प्रवाह कमी करणारा चार्जर वापरला तरी चालेल. पैसा खर्चण्यापूर्वी हे दोन मार्ग अजमावून पाहणे शहाणपणाचे होय.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा परिपाठ मात्र अनेकांचा असतो, आणि तो समजतो तितका उपयोगी नाही. मंद गतीवर फिरणारा अल्टरनेटर फारच थोडी वीज देतो. शिवाय अर्धी रिती झालेली बॅटरी घाईने वीज स्वीकारीत नाही, तिला तास लागतात. दहा मिनिटांत डिझेल जळते, थंड इंजिन झिजते, धुराड्यात ओल साचते आणि बॅटरी मात्र होती तेथेच राहते.

पॅनेलाचा खरा उपयोग होतो तो अशा ठिकाणी, जेथे वाहन विजेच्या खांबापासून दूर उभे असते, अथवा त्यातील उपकरणे बंद करता येत नाहीत. ठावठिकाणा कळविणाऱ्या यंत्राची तार सोडली तर मालकास वाहन कोठे आहे ते कळत नाही, आणि चोरीच्या भीतीने तो ती सोडू इच्छीत नाही. नदीकाठच्या धक्क्यावरील टिप्पर, शेतातील खळ्यावर ठेवलेले हार्वेस्टर, महामार्गालगत उभा असलेला ट्रक ही त्याची उदाहरणे होत.

सौर पॅनेल कसे काम करते

सूर्यप्रकाशापासून सरळ वीज करणारा सिलिकॉनचा उपयुक्त घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनी जगापुढे मांडला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज होत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, १९५५ साली या घटांचा प्रत्यक्ष प्रयोग झाला तो जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावानजीकच्या ग्रामीण टेलिफोन लाइनवर, आणि तेथेही त्यांचे काम बॅटरी भरलेली ठेवणे हेच होते. म्हणजे येथे सांगितलेला उपयोग हा सौर घटाचा अगदी पहिल्या दिवसांपासूनचा उपयोग आहे. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७० नंतरच्या दशकात सौर घट तयार करण्यास प्रारंभ केला.

एका घटापासून सुमारे अर्धा व्होल्ट दाब मिळतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या लहान पॅनेलात असे ३६ घट एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे कामाच्या वेळी सुमारे १८ व्होल्ट आणि काहीही न जोडता मोजले तर २१-२२ व्होल्ट येतात. बारा व्होल्टसाठी अठरा कशास, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. घट तापला की त्याचा दाब उतरतो. मे महिन्यात उन्हातील पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते, तेव्हा त्याच अठरांचे पंधराच्या आत येतात. बॅटरी भरावयाची तर साडेतेरापेक्षा अधिक दाब हवा. म्हणून ही शिल्लक आधीच धरलेली असते.

३६ घट एकाच साखळीत असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि ती जिल्ह्यातील गिरणीच्या आवारात फार महत्त्वाची आहे. साखळीतील एका कडीवर सावली पडली तरी साऱ्या साखळीचा प्रवाह मंदावतो. निंबाची एक फांदी, पक्ष्याची विष्ठा, एखादे चिकटलेले पान एवढेही पुरते. गिरणीत तर धानाच्या तुसाची व कोंड्याची धूळ दिवसभर उडत असते. पॅनेलावर तिचा थर बसला आणि वर दव पडले की ती लेपासारखी घट्ट होते. म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पॅनेल पुसावे. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

किती मोठे पॅनेल लागेल

२० वॅटचे पॅनेल कडक उन्हात सुमारे १.१ अँपिअर देते. हिवाळ्यात व उन्हाळ्यात दिवसभराचे ऊन एकत्र केले तर ते साधारण ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतके भरते. पावसाळ्यात तो हिशेब निराळा. भंडारा जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबरमध्येच. ढगाळ दिवशी दोन-अडीच तासांइतकेच ऊन धरावे, झडीच्या दिवसांत त्याहूनही कमी. तरीसुद्धा अडीच तासांत २.७ अँपिअर-तास येतात, गळती व धूळ वजा जाता २ तरी उरतात. वर सांगितलेला रोजचा खर्च १.२ आणि आपोआप होणारी घट मिळून दीडच्या आसपास. झडीचे चार-सहा दिवस तोट्याचे गेले तरी उघडीप पडताच तूट भरून निघते. यावरून असे म्हणता येईल की, उपकरणे असलेल्या ट्रॅक्टरास २० वॅटचे पॅनेल पुरेसे आहे. उपकरणे नसलेल्यास १० वॅटचेही चालेल. ५ वॅटची खेळण्यासारखी पॅनेले काचेच्या आत डॅशबोर्डवर ठेवण्यासाठी विकली जातात, ती पावसाळ्यात या कामास अपुरी पडतात.

ट्रकचा प्रकार वेगळा आहे. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. येथे २० वॅटची दोन सारखी पॅनेले एकापुढे एक जोडावीत व २४ व्होल्टला चालणारा कंट्रोलर घ्यावा. एकच १२ व्होल्टचे पॅनेल आणून ते दोनपैकी एका बॅटरीस लावणे, ही काही ठिकाणी दिसणारी युक्ती घातक आहे. एकाच जुवाखाली दोन बैल असावेत आणि त्यांतील एकासच ढेप मिळावी, तसे हे होते. एक बॅटरी सदा भरलेली आणि दुसरी अर्धपोटी राहते. मग रस्त्यावर अल्टरनेटर दोघींना सारखाच प्रवाह देतो, तेव्हा भरलेली उकळते व अर्धपोटी तशीच राहते. वर्षाच्या आत दोन्ही जातात. याच कारणाने २४ व्होल्टच्या ट्रकमधील एका बॅटरीवरून रेडिओ वा दिवा चालविणेही टाळले पाहिजे.

कंट्रोलर अवश्य हवा

पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर नावाची लहानशी पेटी बसवावी लागते. ती टाळून चार पैसे वाचविण्याचा मोह अनेकांना होतो. तिची कामे दोन. रात्री पॅनेल वीज देत नाही, उलट बॅटरीतील वीज मागे पॅनेलात झिरपू शकते, ती रोखणे हे पहिले. बॅटरी भरल्यावर दाब आवरणे हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे. २० वॅटचे पॅनेल कंट्रोलरविना ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस महिनोन्‌महिने जोडून ठेवले तर बॅटरीतील पाणी उडत जाईल, पट्ट्या उघड्या पडतील, आणि जिला वाचविण्यासाठी खटाटोप केला तीच जळेल.

उभ्या वाहनाच्या बॅटरीवर दीर्घकाळ ठेवावयाचा दाब २५ अंश तापमानास १३.५ ते १३.८ व्होल्ट एवढा असावा. २४ व्होल्टच्या संचास याची दुप्पट. तापमान वाढेल तसा हा दाब उतरला पाहिजे : १२ व्होल्टच्या बॅटरीस दर अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट, म्हणजे ४५ अंशांस जवळजवळ ०.४ व्होल्ट कमी. ज्या कंट्रोलरात ही सोय आहे तोच भंडाऱ्याच्या हवेत घ्यावा. किंमत थोडी अधिक पडते. पुष्कळ स्वस्त कंट्रोलर थंड देशांचे प्रमाण धरून एकाच दाबावर चालतात, आणि उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी खातात. कंट्रोलरवर ‘लेड-ॲसिड’ प्रकार निवडलेला आहे की नाही, हेही पाहावे.

जोडणी

पॅनेल छपरावर किंवा ट्रकच्या केबिनवर, सावली येणार नाही असे बसवावे. भंडारा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून वर्षभरासाठी बसवावयाचे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तेवढ्याच अंशांनी कलते ठेवावे. केवळ पावसाळ्यासाठी असेल तर ते जवळजवळ आडवे ठेवले तरी चालते, कारण मे-अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास येथे सूर्य माथ्यावरच येतो. पाणी वाहून जाण्यापुरता उतार मात्र असू द्यावा.

कंट्रोलर बॅटरीच्या जवळ पण तिच्या अगदी डोक्यावर नसेल असा बसवावा. तार तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर दहा मीटर अंतरापर्यंत दाबात होणारी घट क्षम्य असते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज घालण्यास विसरू नये. तार कोठे घासून पत्र्याला लागली तर भरलेली बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते व तार लाल होऊन पेट घेते. छपरीत तणस भरलेली असते हे लक्षात ठेवावे.

प्रथम कंट्रोलरला बॅटरी जोडावी आणि नंतर पॅनेल. सोडताना याच्या उलट, आधी पॅनेल व मग बॅटरी. वाहन अधूनमधून बाहेर न्यावे लागत असेल तर मध्ये खटक्याची जोडणी ठेवावी, म्हणजे घाईत तारा ओढून तुटणार नाहीत.

एका धोक्याचा येथे वेगळा उल्लेख करणे भाग आहे. पीएम-कुसुम व राज्य शासनाच्या सौर पंप योजनांमुळे जिल्ह्यातील अनेक शेतांवर आता मोठी सौर पॅनेले उभी आहेत. ‘प्लेट तर शेतात आहेच, तिचीच तार ट्रॅक्टरला लावू’ असे कोणाच्याही मनात येईल. तसे कदापि करू नये. पंपाची पॅनेले एकापुढे एक जोडलेली असल्याने त्यांचा दाब शेकडो व्होल्टपर्यंत जातो, आणि हा एकदिश प्रवाह असल्याने स्पर्श झाल्यास किंवा ठिणगी पडल्यास तो घरगुती विजेइतकाच, किंबहुना अधिक घातक ठरतो. बॅटरी फुटण्याचा संभव आहेच, परंतु माणसाच्या जिवाचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

बॅटरीची तपासणी

पॅनेल हे भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्याचे साधन आहे, मेलेली बॅटरी जिवंत करण्याचे नव्हे. म्हणून ते लावण्यापूर्वी बॅटरीची अवस्था पाहावी. वाहन बंद करून रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी व्होल्टमीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. १२.४ च्या खाली असल्यास प्रथम दुकानातून चार्ज करून आणावी. सावकाश, अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या प्रवाहाने भरण्याचा आग्रह धरावा. दोन तासांत भरून देणाऱ्याकडे जाऊ नये. पॅनेल लावल्यानंतर मोजमाप घ्यावयाचे असेल तर पॅनेलाची जोडणी आदल्या संध्याकाळीच सोडावी, नाहीतर भरण्याचा दाब मोजला जाऊन बॅटरी आहे त्याहून चांगली भासते.

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहावी. पट्ट्या सर्वकाळ बुडालेल्या असाव्यात. कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे, बोअरचे वा नळाचे पाणी क्षारांमुळे बॅटरीचा नाश करते, आणि आम्ल तर कधीच घालू नये, कारण उडते ते पाणी, आम्ल आतच राहते. टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून धुवावी, मात्र ते पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नये. नंतर टोके कोरडी करून त्यांना पेट्रोलियम जेली लावावी.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की एका ठिणगीने स्फोट होतो. बिडी, कंदील, सैल तारेची ठिणगी यांपैकी काहीही त्यास पुरते. छपरी मोकळी, हवेशीर असावी. आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डोळ्याच्या बाबतीत विलंब न करता दवाखाना गाठावा.

घाईच्या दिवशी शेजारच्या वाहनावरून तारा लावून सुरू करण्याची पद्धत गावोगाव रूढ आहे. तीत दाब सारखा आहे याची खात्री करून घ्यावी. २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला तारा लावल्यास ट्रॅक्टरची बॅटरी उकळून फुटू शकते व त्यावरील उपकरणे जळतात. शेवटची ऋण तार बॅटरीच्या टोकाला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर लावावी, म्हणजे ठिणगी पडली तरी वायूजवळ पडत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

या कामासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पॅनेल, कंट्रोलर, तार व फ्यूज मिळून होणारा खर्च ट्रॅक्टरच्या नव्या बॅटरीच्या किमतीहून कमी असतो. कार्यकर्त्याजवळ एक साधा व्होल्टमीटर असला तरी पुरे. रोवणी संपण्याच्या सुमारास गावातील ट्रॅक्टर, मळणीयंत्रे व ट्रक यांची यादी करावी, प्रत्येकाची बॅटरी सकाळच्या वेळी मोजून आकडा व तारीख लिहावी, आणि कापणीपूर्वी पंधरा दिवस पुन्हा मोजावी. कोणते वाहन ताऱ्हा सोडल्याने भागेल आणि कोणास पॅनेल हवे हे त्या दोन आकड्यांवरून दिसून येते. अवजारे बँक चालविणाऱ्या गटांनी तर हे अवश्य करावे. त्यांची यंत्रे सामाईक असतात, आणि सामाईक यंत्राच्या बॅटरीकडे पाहण्याचे काम नेमून दिले नाही तर ते कोणीच करीत नाही. साकोली येथील कृषी विज्ञान केंद्रात यंत्रांविषयीच्या शंका विचारता येतात.

उन्हाळी धानाचे क्षेत्र असलेल्या गावांत वाहने उभी राहण्याचा काळ कमी असतो, तेथे एकच पॅनेल दोघा-तिघांत पाळीपाळीने वापरता येईल. महिन्यातून आठ दिवस जरी ते एका ट्रॅक्टरला मिळाले तरी उघड्या उन्हात त्या आठ दिवसांत ३० अँपिअर-तासांच्या वर वीज भरते.

बॅटरी शेवटी केव्हा तरी संपतेच. ती भंगारवाल्यास न देता नवीन घेताना दुकानदारासच परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि जुन्या बॅटरीचे पैसेही नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा मिळतात. जाळ्याला वजने करण्यासाठी जुनी बॅटरी फोडून घराच्या अंगणात शिसे वितळविणे फार धोक्याचे आहे. शिशाचा धूर व भुकटी मुलांच्या शरीरात जाऊन त्यांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते, आणि फोडलेल्या बॅटरीतील आम्ल ज्या जागी सांडते तेथील माती वर्षानुवर्षे शिशाने दूषित राहते. ती जागा तलावाच्या पाळीजवळ असेल तर पहिल्या पावसाबरोबर ते विष तलावात उतरते.